‘झुंज’ म्हणू नका

आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला यंदा माझा सत्कार करायचं ठरलं होतं. सन्मानपत्रावर ‘कॅन्सरशी यशस्वी झुंज दिल्याबद्दल’ असं छापायचं होतं. मी नको म्हटलं. विचारायला आलेल्या काकूंचा हेतू चांगलाच होता, त्यांना वाईट वाटलं. दारात उभ्याउभ्या जे सांगता आलं नाही, ते इथे सांगते.

आधी त्यांची बाजू. मन खंबीर असलं की निम्मं दुखणं तिथेच बरं होतं, असं आपण घरोघरी मानतो. पेशंटने हाय खाऊ नये म्हणून लढाईचे शब्द वापरतो. यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. हाय खाल्लेला माणूस केमोची तारीख चुकवतो, जेवत नाही, गोळ्या मध्येच सोडतो. उपचार पुरे करायला धीर हवाच. पण धीराने उपचार सोसता येतात, गाठ विरघळत नाही. अमेरिकेत डोकं आणि मान या भागांच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांची पाहणी झाली, ती २००७ साली प्रसिद्ध झाली. ज्यांचं मन प्रसन्न होतं ते जास्त जगले का, हाच प्रश्न होता. तसं काही आढळलं नाही.

मला हे ती पाहणी वाचण्याआधीच कळलं होतं. केमोच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई असायच्या. डब्यातला लाडू सगळ्यांना वाटायच्या, नर्सच्या मुलाचा अभ्यास विचारायच्या, सलाईन लावताना शीर सापडेना तेव्हा त्याच नर्सला धीर द्यायच्या. त्यांच्याइतकं खंबीर माणूस मी पाहिलेलं नाही. उपचारांच्या सातव्या महिन्यात त्या गेल्या. आपली वर्तमानपत्रं अशा वेळी ठरलेलं वाक्य लिहितात: ‘त्यांची कॅन्सरशी झुंज अखेर अपयशी ठरली.’ अपयश कुणाचं? त्यांचा आजार औषधाला दाद देत नव्हता, माझा देत होता. मी जिंकले म्हणायचं तर त्या हरल्या म्हणावं लागतं, आणि ते मी मरेपर्यंत म्हणणार नाही.

हा लढाईचा शब्द आपल्या घरचा नाही. अमेरिकेत १९७१ साली निक्सन यांनी राष्ट्रीय कॅन्सर कायद्यावर सही केली, तेव्हापासून ‘कॅन्सरविरुद्ध युद्ध’ हा शब्दप्रयोग जगभर रुळला. सुझन सोंटाग ही लेखिका स्वतः या आजारातून गेली होती. रोगाला असल्या रूपकांत गुंडाळण्याने रुग्णावरच भार पडतो, हे तिने १९७८ सालीच मांडलं. मराठीत त्याआधीपासून एक साधा शब्द आहे: ‘दुखण्यातून उठणं’. दुखण्यातून उठलेल्या माणसाला भिंत धरून चालू द्यायचं, मऊ भात घालायचा, पाहुण्यांना लवकर उठवायचं, हे सगळं त्या शब्दात आलं. बाळंतिणीला आपण सव्वा महिना देतो तो त्याच समजुतीने. मग दीड वर्ष औषध अंगात घेतलेल्या बाईला शेवटच्या सलाईनच्या दुसऱ्या दिवशी ‘आता बरी झालीस ना?’ असं का विचारतो?

कारण झुंजीला निकाल असतो. दुखण्यातून उठण्याला तसा दिवस नसतो. माझं ऑपरेशन झालं, १५ दिवस रेडिएशन झालं, त्यानंतर दर तीन आठवड्यांनी ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन, ते वर्षभर. ते हृदयाला त्रास देऊ शकतं म्हणून दर तीन महिन्यांनी इको. आता लेट्रोझोलची गोळी, रोज एक, पाच वर्षं. तिने हाडं ठिसूळ होतात, सकाळी बोटं मिटत नाहीत, पहिला चहा मी दोन्ही हातांनी धरून पिते. केमोने तळपाय बधिर झाले आहेत. चप्पल पायातून निसटली तरी चार पावलांनी कळतं. काखेतल्या गाठी काढल्या तो हात जड वस्तू उचलली की सुजतो. केस मात्र छान आले आहेत, आणि लोक केसच बघतात.

झुंज म्हटली की लोक मनोहर पर्रीकरांचं नाव घेतात. डिसेंबर २०१८ मध्ये गोव्याचे हे कॅन्सरग्रस्त मुख्यमंत्री नाकात नळी असताना मांडवीवरच्या नव्या पुलाची पाहणी करायला गेले, जानेवारीत त्याच अवस्थेत त्यांनी अर्थसंकल्प मांडला, १७ मार्च २०१९ ला ते गेले. ती त्यांची निवड होती, तिच्यापुढे मी नमते. पण नाकात नळी असलेल्या त्यांच्या छायाचित्राचा मापदंड झाला, हे वाईट झालं. मी अर्धा दिवस रजा मागितली तेव्हा माझ्या कार्यालयात साहेबांनी तेच उदाहरण दिलं. उदाहरण थोर होतं, म्हणून मला उत्तर देता आलं नाही. आज देते: ज्याला नळी लावून काम करायचं आहे त्याला करू द्या, पण जिला पडून राहायचं आहे तिला भेकड ठरवू नका.

आणि ही माझी एकटीची मागणी नाही, कायद्यानेही ती एका ठिकाणी मानली आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत साध्या आजारपणासाठी वर्षाला ९१ दिवस, वेतनाच्या ७० टक्के मिळतात. कॅन्सर, क्षय यांसारख्या ३४ दीर्घ आजारांत मात्र पात्र कामगाराला दोन वर्षांपर्यंत, ८० टक्के दराने लाभ मिळतो. उठायला वेळ लागतो हे तिथे कुणीतरी हिशेबात धरलं. पण महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांनाच ही योजना लागू. बाकीचे साहेबाच्या मर्जीवर, आणि घरकाम करणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या बायका कुणाच्याच हिशेबात नाहीत.

काकू, शाल नको. महिन्यातून एकदा मला रक्त तपासायला जावं लागतं, सकाळी उपाशीपोटी. तेवढं बरोबर या.