घाटंजीच्या काळ्या मातीचा खोल समुद्राशी काय संबंध?

घाटंजीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरी पावसाळ्यात इथल्या कपाशीच्या शेतांतून वाहून जाणाऱ्या मातीचा काही भाग पैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात पोहोचतो.

तिथे ही माती काय करते?

समुद्राच्या वरच्या थरात सूक्ष्म वनस्पती कार्बन डायऑक्साइड शोषून वाढतात. त्यांचे अवशेष आणि त्यांना खाणाऱ्या जिवांची विष्ठा खाली बुडू लागते. वाटेत जिवाणू त्यातला बहुतेक भाग फस्त करतात आणि कार्बन पुन्हा पाण्यात मिसळतो. हजार मीटरच्या खाली पोहोचलेला कार्बन मात्र साधारण शेकडो वर्षं हवेत परतत नाही. म्हणून बुडण्याचा वेग महत्त्वाचा.

नदीच्या गाळातले चिकणमातीचे कण या अवशेषांना चिकटतात. वजन वाढतं आणि ते लवकर बुडतात. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मन शास्त्रज्ञांनी १९८७ पासून उपसागरात खोलवर सापळे लावून असे कण गोळा केले. नद्यांच्या गाळामुळे तिथे खोलवर जाणारा कार्बन वाढतो, असं त्यातून दिसलं.

मग माती वाहू द्यायची का?

नाही. बराचसा गाळ वाटेतल्या धरणांत आणि नदीपात्रातच अडकतो. शेतातून मात्र सुपीक थर जातो आणि त्याबरोबर सेंद्रिय कर्बही. समुद्राला होणारा फायदा थोडा, शेतकऱ्याचं नुकसान पूर्ण. कार्बन जमिनीतच धरायचा असेल, तर बांधबंदिस्ती आणि उताराला आडवी पेरणी हाच जवळचा उपाय आहे.