वापितीचे किट कोण काढणार?

डिसेंबर संपत आला की प्लास्टिकची विमाने जोडणाऱ्या आमच्या जमातीला एक ताप चढतो. नव्या वर्षात कोणत्या कंपनीने कोणत्या विमानाचे किट काढावे, याच्या याद्या सुरू होतात. पहिल्या महायुद्धातली आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतली दुहेरी पंखांची विमाने आवडणारे लोक यात सर्वांत हट्टी. एखाद्या विमानाचे १/७२ मधले किट आले की यांना तेच १/४८ मध्ये हवे असते, आणि तेही आले की पंखांच्या फासळ्या जरा जास्तच उठून दिसतात अशी तक्रार तयार असते. या गर्दीत माझी मागणी गेली कित्येक वर्षे एकच आहे. वेस्टलँड वापिती. १९३३ सालच्या चंदेरी रंगात, कराचीच्या खुणांसह.

ज्यांना हे नाव नवे आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नाव ऐकून गुजरातेतल्या वापीची आठवण होईल, पण वापिती म्हणजे उत्तर अमेरिकेतले एक मोठे हरीण. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोडला भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. स्क्वाड्रन म्हणायची, प्रत्यक्षात एक फ्लाइटच. चार वापिती विमाने, मूठभर भारतीय अधिकारी आणि एकोणीस हवाई सिपाही. पुढे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले सुब्रतो मुखर्जी त्या पहिल्या वैमानिकांपैकी एक. आज राफेल आणि तेजस उडवणाऱ्या दलाची सुरुवात या चार विमानांनी झाली. खडकवासल्याला आम्ही कॅडेट असताना स्पिटफायर आणि मेसरश्मिट आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होती. वापिती किती जणांना ठाऊक होते हे विचारू नका.

मी पायदळातला माणूस, मला विमानाचे एवढे काय? तर वापिती हे मुळात आमच्याच कामाचे विमान होते. ती पहिली स्क्वाड्रन ‘आर्मी कोऑपरेशन’ची, म्हणजे जमिनीवरच्या फौजेचे डोळे. अशा विमानांना पोटाखाली एक आकडा असायचा. खाली जवानांनी दोन खांबांमध्ये दोरी ताणायची, दोरीला निरोपाची पिशवी बांधायची, आणि वैमानिकाने इतके खाली यायचे की आकड्यात दोरी अडकून पिशवी वर जावी. वायरलेस सेट जड आणि बेभरवशाचे होते तेव्हाची ही सोय. वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत हे करणे म्हणजे काय असेल, याची कल्पना डोंगरात नोकरी केलेल्या कोणालाही येईल. मला किटमध्ये तो आकडा हवा आहे. बाकी चुका मी पोटात घालीन.

सध्या माझे पोस्टिंग चेन्नईत आहे आणि या शहराचा या विमानाशी संबंध आहे. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर किनाऱ्यावर गस्त घालण्यासाठी मद्रास, मुंबई, कलकत्ता, कराची, कोचीन अशा बंदरांत स्वयंसेवक राखीव दलाच्या छोट्या फ्लाइट उभ्या केल्या गेल्या. त्यांच्या वाट्याला आली ती वापितीसारखी जुनी विमाने. नागरी वैमानिकांना गणवेश चढवून या विमानांत बसवले आणि समुद्रावर धाडले. मद्रासला समुद्राची धास्ती जुनीच होती. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री जर्मनांच्या ‘एम्डेन’ या क्रूझरने इथल्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या होत्या. तमिळमध्ये अजूनही एखाद्या खमक्या, बेरकी माणसाला ‘एम्डन’ म्हणतात. गंमत पाहा, त्या एम्डेन जहाजाचे १/३५० मधले सुरेख किट रेव्हेल कंपनीने काढले आहे. मद्रासवर तोफा डागणारे जहाज खोक्यात मिळते, मद्रासचा किनारा राखणारे विमान मिळत नाही.

‘अरे, राफेल सोडून हे कापडाचं काय घेऊन बसलास?’ असे माझा एक कोर्समेट फोनवर म्हणतो. तो स्वतः हवाई दलात आहे, हे विशेष.

परदेशी कंपन्यांना दोष देण्यात मात्र मला अर्थ वाटत नाही. पोलादी साचा महाग असतो आणि हजारो खोकी खपल्याशिवाय तो खर्च निघत नाही. म्हणून दर काही वर्षांनी आणखी एक स्पिटफायर येते. न्यूझीलंडमध्ये पीटर जॅक्सन या चित्रपट दिग्दर्शकाने विंगनट विंग्ज नावाची कंपनी काढली. २००९ पासून तिने पहिल्या महायुद्धातली विमाने १/३२ मध्ये अशी काढली की आमच्यासारख्यांच्या डोळ्यांत पाणी यावे. हिशेबनीसाने जे कधीच मंजूर केले नसते ते एका हौशी माणसाने करून दाखवले. २०२० मध्ये तीही बंद झाली. तेव्हा कोणी दानशूर येईल आणि आपल्यासाठी वापिती काढील, ही आशा मी सोडून दिली आहे.

आपल्या हौशी मंडळींशी माझा मतभेद इथेच आहे. आपण मागण्या करतो त्या इंग्लंड, जपान आणि झेक प्रजासत्ताकातल्या लोकांकडे. पण वापिती मोजायचे असेल तर त्या लोकांनी यायचे कुठे? दिल्लीत, पालमच्या हवाई दल संग्रहालयात. के-८१३ क्रमांकाचे वापिती तिथे उभे आहे. मोजपट्टी, कॅमेरा आणि लेझर स्कॅनर घेऊन दोन दिवस त्याच्याभोवती घालवले तर जगातल्या कुठल्याही कंपनीकडे नसेल इतकी माहिती हाती येईल. आणि मोजणे महत्त्वाचे असते. १९२७ मध्ये वापितीचा पहिला नमुना उडाला तेव्हा त्याच्या धडातला सुमारे दोन फुटांचा तुकडा चुकून गाळला गेला होता. बनवणाऱ्यांचीच ही गत, तर शंभर वर्षे जुन्या फोटोंवरून किट करणाऱ्याने काय करावे?

साचा तरी बाहेरून कशाला हवा? भोसरी-चाकणला किंवा इथल्या अंबत्तूरला टूलरूममधले लोक गाड्यांच्या डॅशबोर्डचे आणि बंपरचे साचे रोज कापतात. १/७२ मध्ये वापितीच्या पंखांचा पसारा साडेएकोणीस सेंटिमीटरच्या आसपास भरतो. त्यांच्या दृष्टीने हे खेळणेच. अडचण आहे ती बारीक कामाची आणि खपाची. खपाचे म्हणाल तर वापिती फक्त आपले नव्हते. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, दक्षिण आफ्रिकी आणि कॅनेडियन हवाई दलांनीही ते वापरले. एकाच साच्यावर डेकलचा कागद बदलून पाच देशांची खोकी निघतील. शिवाय पहिली स्क्वाड्रन उभी राहिल्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी, ३ एप्रिल १९३३ रोजी, बिहारमधल्या पूर्णियाहून उडून जी दोन विमाने प्रथमच एव्हरेस्टवरून गेली, तीही वेस्टलँडचीच आणि वापितीच्याच घराण्यातली. नाक आणि चाके बदलली की त्यांचाही विचार करता येईल.

थ्री-डी प्रिंटिंगवाले लगेच हात वर करतील. जुपिटर इंजिनाचे नऊ सिलिंडर छापायला ते उत्तमच आहे, मीही वापरतो. पण छापलेले अख्खे विमान महाग पडते आणि ठिसूळही असते. बारा वर्षांच्या पोराने खाऊच्या पैशातून घ्यावे, बोटांना गोंद फासून संध्याकाळभर बसावे, तर साधे प्लास्टिकच पाहिजे. माझ्या मागणीचा खरा धनी तो पोरगा आहे. माझे काय, मी बाहेरून मागवतो, सीमाशुल्क भरतो आणि चेन्नईच्या दमट हवेत रंगावर पांढुरकी साय धरली की चरफडतो.

साचा होईपर्यंत डेकलचे तरी काम उद्या सुरू करता येईल. एसई-५ए आणि सॉपविथ कॅमल ही विमाने हवी त्या स्केलमध्ये मिळतात. जुलै १९१८ मध्ये पंधरवड्याच्या आत दहा विमाने पाडून एकोणिसाव्या वर्षी मारला गेलेला इंद्रलाल रॉय एसई-५ए उडवत होता, आणि हरदितसिंग मलिक कॅमल. त्यांच्या खुणांचा एक कागद छापला की झाले. आणि आपल्या मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर, ज्याचे नाव मी इथे लिहिले नाही तर मराठीत क्वचितच कोणी लिहील. तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये तो सॉपविथ डॉल्फिन उडवायचा. या विमानाचा वरचा पंख खालच्या पंखाच्या मागे असतो आणि वैमानिकाचे डोके पंखांच्या मधल्या फटीतून बाहेर डोकावते. जून १९१८ च्या अखेरीस फ्रान्समध्ये तो पाडला गेला आणि जर्मनांच्या ताब्यात असताना वारला. डॉल्फिनचा खोका ज्याच्याकडे पडून असेल त्याने जर्मन विमानांची संख्या आणखी वाढवण्याआधी तो उघडावा, अशी माझी विनंती आहे.

पालमला मोजमापाची परवानगी मागण्यासाठी मी आणि पुण्यातला एक मित्र अर्ज तयार करतो आहोत. मित्र टूलरूममध्ये आहे, मापे मिळाली तर पहिले ड्रॉइंग तो फुकट काढून देणार आहे. चार-पाच जणांच्या सह्या आणखी हव्यात, विशेषतः ज्यांना जुन्या विमानांचे फोटो गोळा करायची सवय आहे त्यांच्या. आणि कोणाच्या आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत ड्रिग रोडचा किंवा मद्रासच्या फ्लाइटचा एखादा फोटो असेल, तर तो आधी स्कॅन करून ठेवा. पोटाखालचा आकडा दिसत असेल तर लगेच कळवा.