जपानमधला पहिला मे महिना

ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला. त्यातले ५० हजार कुशल भारतीय जपानला जावेत, असे उद्दिष्ट आहे. नशिराबादच्या आयटीआय झालेल्या मुलाला आता भोसरी-चाकणच्याही पलीकडची वाट दिसू लागली आहे. त्यासाठी भाषेचा वर्ग, वैद्यकीय तपासणी, कागदपत्रे हे सगळे होते. तिथे सुट्टीच्या दिवशी जेवायला कोणासोबत बसायचे, हे मात्र कोणी विचारत नाही. भोसरीत गाववाल्यांची खोली सापडते. टोकियोच्या निशिकासाई भागातही भारतीयांची वस्ती आहे. पण कारखाना एखाद्या लहान शहरात असला, तर तिथे दुसरा मराठी माणूस भेटेलच असे नाही.

जपानीत ‘गोगात्सुब्यो’ म्हणजे ‘मे महिन्याचा आजार’ असा रूढ शब्द आहे. तिथे नोकरीचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. पहिला महिना नव्याच्या नवलाईत जातो, मग जोडून सुट्ट्या येतात, आणि त्या संपल्या की काहींची झोप उडते, भूक मरते, कामावर पाय निघत नाही. हे वैद्यकशास्त्रातले निदान नाही, पण त्रास खरा असतो. अशा वेळी जपानी तरुणाला आधार असतो तो ‘दोकीं’चा, म्हणजे त्याच वर्षी सोबत नोकरीला लागलेल्यांचा. साहेबापुढे जे बोलता येत नाही, ते दोकीपुढे बोलता येते.

आपला मुलगा वर्षाच्या मध्येच कधीतरी पोहोचतो. तांत्रिक प्रशिक्षणार्थींना तर सुरुवातीला साधारण महिनाभर एका वर्गात ठेवतात आणि मग ज्याच्या त्याच्या कंपनीत धाडतात. ओळख होते न होते तोच पांगापांग. त्या वर्गातले व्हिएतनामी, इंडोनेशियन, नेपाळी सोबती हेच त्याचे दोकी. त्यांच्याशी बोलताना एक सोय असते: दोघांचीही जपानी सारखीच मोडकी, त्यामुळे लाज वाटत नाही.

मैत्रीला वेळ द्यावा लागतो. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार, ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास लागतात आणि घट्ट मैत्रीला २०० हून अधिक. शेजारी उभे राहून काम केल्याचे तास त्यात फारसे उपयोगी पडत नाहीत. रिकामा वेळ सोबत घालवावा लागतो. खान्देशातल्या भरीत पार्टीत नवख्यालाही वांगी भाजायला, सोलायला बसवतात, आणि जेवण होईपर्यंत तो नवखा राहत नाही. जपानातही वांगे भाजून खातात, त्याला ‘याकिनासु’ म्हणतात. खोलीवर चार जणांना बोलवायला एवढे निमित्त पुरे. कामानंतरच्या ‘नोमिकाई’ या पिण्याच्या बैठकीलाही जावे. ऊलाँग चहाचा पेला हातात घेऊन बसता येते. शाकाहारी माणसाने रश्शाबद्दल मात्र विचारून घ्यावे, त्यात बहुधा माशाचा अर्क असतो.

घरचा फोन हा सोबतीला पर्याय नाही. नशिराबादला साडेआठला ताटे वाढली जातात, तेव्हा जपानात मध्यरात्र झालेली असते. एकटेपणाने झोप तुटक होते, हे जॉन कॅसिओपो यांच्या संशोधनात दिसले आहे. त्यात रोजच्या व्हिडिओ कॉलने उरलेली झोपही जाते. आईवडिलांनी मोठा फोन रविवारवर ठेवला, तर मुलाला त्याची मदतच होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाने वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंचा संबंध एकाकीपणाशी जोडला आहे. त्यामुळे ‘घरची आठवण येते, होईल सवय’ म्हणून हा विषय सोडून देता येत नाही.

झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली असेल, तर डॉक्टर गाठावा. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या जपानी आस्थापनेला वैद्य नेमावा लागतो आणि २०१५ पासून दरवर्षी मानसिक ताणाची तपासणीही करावी लागते. इकडचे भाषावर्ग यंत्रांची नावे घोकून घेतात, त्यातच एक शब्द वाढवावा: ‘नेमुरेमासेन’. म्हणजे, मला झोप येत नाही.