चित्ता आला, पपई खाऊन गेला

रात्री दहानंतर मी मोबाईल हातात धरत नाही, हे या सदराच्या वाचकांना आता पाठ झालंय. (मागं एकदा 'गुड मॉर्निंग'वाल्यांवर लिहिलं होतं, तेव्हाच हे सांगून टाकलं. त्या लेखाचा परिणाम एवढाच, की तेव्हापासून मला दुप्पट गुड मॉर्निंग येतात.) त्यामुळं आमच्या कॉलनीत चित्ता शिरल्याची बातमी मला सकाळी चहाबरोबर कळली. तोवर निम्मी कॉलनी दारंखिडक्या लावून रात्रभर जागी होती.

व्हिडिओ सीसीटीव्हीतला. कंपाउंडच्या भिंतीवरून एक आखूड पायांचं, लांबोडं जनावर चाललंय. अंगाएवढीच लांब शेपूट मागं ओढत येतंय. कोपऱ्यावर थांबतं, कॅमेऱ्याकडं तोंड करून नाक वर धरतं, मग सरसर पपईच्या झाडावर चढून एक पिकली पपई पोखरायला लागतं. खाली मजकूर: 'चित्ता!!! लहान मुलांना बाहेर सोडू नका. सर्वांना पाठवा.' त्यावर ज्यांची पपई त्यांचं मत, बिबट्याचं पिल्लू असावं. आणखी एकाच्या साडूच्या गावात हुबेहूब असाच वाघ आला होता. वनखात्याचा १९२६ नंबर कुणीतरी टाकला, पण तो फिरवायच्या आधी काठ्या कुणाकुणाकडं आहेत याची यादी तयार झाली. चित्ता पपई कधीपासून खायला लागला, हा प्रश्न मात्र एवढ्या शिकल्यासवरलेल्या ग्रुपमध्ये एकालाही पडला नाही.

सकाळी गेटवर परिसंवादच भरला. दूधवाले तात्या भुदरगडकडचे. मोबाईल लांब धरून त्यांनी व्हिडिओ बघितला आणि म्हणाले, "ह्यो तर कांडेचोर." वॉचमनमामांना ते पटेना. "कांडेचोर कशाचा? मसण्या ऊद हाय त्यो. मढी उकरतोय." दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "उदमांजर म्हणा, प्रमाण शब्द आहे." तेवढ्यात मालवणकडून सून म्हणून आलेल्या वहिनी मध्ये पडल्या. "ऊद तर नदीत असतो हो, मासे खातो. तो भिंतीवर कशाला चढेल?" गंमत म्हणजे चौघंही आपापल्या गावात बरोबर होती. फक्त चौघांची गावं एकाच गेटवर आली होती.

तर जनावर एकच. फळं, उंदीर, किडे खाणारं, रात्री हिंडणारं, जुन्या कौलारू घराच्या माळ्यावर बिनभाड्यानं राहणारं. इंडोनेशियात याच्याच जातभाईच्या विष्ठेतून निघालेल्या बियांची कॉफी जगातली महागडी म्हणून विकतात. आपल्याकडं त्याच्या नशिबी काठी, कारण नाव मसण्या. उकरायची हौस खरी चांदी अस्वलाला. 'मसण्या ऊद' हे नाव कुठं त्याला लावतात, कुठं याला, आणि उकराउकरीची बदनामी मात्र दोघांत मिळून वाटली जाते. त्यातही मराठीनं मांजरांचा जो घोळ घातलाय त्याला तोड नाही. उदमांजर मांजर नव्हे. पाणमांजर मांजर नव्हे. खवलेमांजर तर मुंग्यावाळवी खाणारं, तोंडात एक दात नसलेलं जनावर. आणि जी खरोखरच मांजर आहे, तळहातावर मावेल एवढ्या पिल्लांची, तिचं नाव वाघाटी!

हा व्हिडिओ मी पेनसिल्व्हेनियातल्या भाच्याला पाठवला. तो म्हणाला, मामा, हसू नका, इथं याहून वाईट आहे. त्याच्या परसात बिळं पाडणारा एक लठ्ठ प्राणी आहे. शेजारी त्याला ग्राउंडहॉग म्हणजे जमिनीतलं डुक्कर म्हणतो, समोरचा वुडचक म्हणतो आणि डोंगराकडचे लोक व्हिसल-पिग, म्हणजे शिट्टी मारणारं डुक्कर. डुकराशी त्याचा काडीचा संबंध नाही, तो खारीच्या कुळातला. शिवाय दर २ फेब्रुवारीला पंक्सटॉनी नावाच्या गावात टोप्या घातलेली मंडळी असल्याच एकाला बाहेर काढतात आणि त्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी अजून सहा आठवडे राहणार असं जाहीर करतात. आपल्याकडं भेंडवळला घट मांडतात, तिकडं घूस मांडतात, एवढाच फरक.

आमच्या आजीच्या तोंडी 'भालू' होती. रात्री शिवारात भालू वरडली की ती चूल सारवायची थांबायची, गावात काहीतरी वाईट होणार म्हणायची. भालू म्हणजे एकटी हिंडणारी म्हातारी कोल्ही. माझ्या नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आजोबा, भालू म्हणजे बेअर!" हिंदी कार्टून बघून वाढलेल्या पिढीपुढं आपली कोल्ही टिकणार नाही. तिच्या जागी अस्वल येऊन बसलंय.

पण ते चालेल. चित्त्याचं चालणार नाही, निदान कोल्हापुरात तरी नाही. बिबट्या दिसला की टीव्हीवर पट्टी फिरते, 'चित्त्याची दहशत'. बाकीच्या गावांचं एक वेळ समजू शकतो. त्यांनी चित्ता बघितला कुठं? इथं मात्र संस्थानात चित्ते पाळले जात. शाहू महाराजांना चित्त्याच्या शिकारीचा शौक होता, राजाराम महाराजांच्या काळातही तो चालू राहिला. डोळ्यांवर कातडी टोपी घातलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचा, काळविटांचा कळप दिसला की टोपी काढायची. माझ्या आजोबांनी हे लहानपणी बघितलं होतं आणि सांगताना ते दरवेळी त्या गाडीचं अंतर वाढवत न्यायचे. चित्ते सांभाळणारे चित्तेवान त्यांना चेहऱ्यानं ओळखीचे. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले गेले. तिकडं कोरिया संस्थानच्या महाराजांनी १९४७च्या सुमाराला शेवटचे तीन मारले, १९५२ साली चित्ता देशातून संपल्याचं जाहीर झालं. मग २०२२च्या सप्टेंबरात नामिबियाचे आठ चित्ते कुनोत उतरले, तेव्हा अख्खा देश टीव्हीला चिकटून बसला होता आणि आमच्या कट्ट्यावरचे एक अण्णा म्हणाले, "आफ्रिकेचं चित्तं व्हय? आमच्याकडं येऊन गेल्यात." ही कोल्हापुरी घमेंड मला फार आवडते. पण मग तिला जागावं. डोळ्यापासून जबड्यापर्यंत काळी रेघ ओघळलेली असली तर चित्ता. अंगावर ठिपक्यांऐवजी पोकळ फुलं असली तर बिबट्या. एवढं पाठ करायला काय लागतं? चित्ता डरकाळीसुद्धा फोडत नाही, पाखरागत चिवचिवतो. त्याची दहशत कसली!

आणि 'बायसन'? मोठमोठे लोक अजून 'दाजीपूर बायसन अभयारण्य' म्हणतात. १९५८ साली जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं अभयारण्य ते, आता त्याचं नाव राधानगरी. गोऱ्या शिकाऱ्यांनी गव्याला बायसन म्हटलं आणि साहेब गेला तरी बायसन राहिला. खरा बायसन केसाळ, दाढीवाला, अमेरिकेच्या गवताळ माळावरचा. आपला गवा काळा तुकतुकीत, पाठीवर उंच वरंबा, पायात पांढरे मोजे. नर हजार किलोच्या घरात जातो आणि तरी माणूस दिसला की बहुतेकदा आधी तोच रान जवळ करतो. २०२०च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला असाच एक भरकटून आला होता. बघ्यांच्या गर्दीनं त्याला पळवून पळवून दमवला आणि शेवटी तो मेला.

गेल्या उन्हाळ्यात दाजीपूरच्या चेकनाक्यावर शहरातलं एक कुटुंब गाइडला विचारत होतं, "बायसन किती वाजता दिसतात?"

"बायसन अमेरिकेत, सायेब. हितं गवं हाईत. दिसलं तर दिसलं. हॉर्न तेवढा वाजवू नका."

पहिल्याच वळणावर त्यांना कळप दिसला. गाडी थांबली, काचा खाली झाल्या, पोरं कुजबुजायला लागली, फोटो निघाले. म्हशी होत्या. मालक मागनं येत होता.