भूत पुसू नका, अडवा

मृगातल्या बाणाचा पूर्वेकडचा तारा अल्निटाक. फोटोत त्याच्याभोवती पुष्कळदा फिकट चकती उमटते. सेन्सरवरून उलटलेला प्रकाश फिल्टरवर आपटून परत येतो, त्याचं हे भूत! लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो.

बरेच जण ही चकती नंतर संगणकावर पुसतात. मला ते पटत नाही. शेजारीच फ्लेम तेजोमेघ आहे. चकतीबरोबर त्याचा खरा प्रकाशही पुसला जातो. मग उरतं ते चित्र, नोंद नव्हे.

त्यापेक्षा दोन्ही बाजूंना परावर्तनरोधक लेप असलेला फिल्टर घ्यावा, उलटा बसवून पाहावा, सेन्सरपासून थोडा लांब न्यावा. चकती पसरते, पण फिकट होते.

खाडाखोडीपेक्षा मुळात नीट लिहावं, हे वर्गात सांगायचो. आकाशालाही तेच लागू!