मत आपलं, वही त्यांची



"वस्ती विकली गेली." २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला, त्या रात्री हे वाक्य मी स्वतः बोललो. गोदीतून पाळी संपवून आलो होतो. हात लोखंडाच्या गंजानं लाल, डोक्यात संताप. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात आमची दहा बाय बाराची खोली. आई भाकरी थापत होती. मागं न वळता म्हणाली, "विकली म्हणतोस, मग विकणाऱ्याचं नाव सांग. माझ्या खात्यावर पंधराशे आले. तुमच्या चळवळीनं कधी या घरात मीठ तरी आणलं का?"

मी गप्प. कविता लिहिणारा माणूस, पण तोंडातून शब्द फुटेना. हे संपादकीय म्हणजे त्या रात्रीचं राहिलेलं उत्तर.

ही तीच आई, जी ११ जुलै १९९७ च्या सकाळी रस्त्यावर होती. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला आणि वस्ती उठली. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. तेव्हा राज्यावर शिवसेना-भाजपची युती होती. मी जन्मलोही नव्हतो, पण ही गोष्ट मी आईच्या दुधाबरोबर प्यालो.

आणि २०११ साली रामदास आठवले त्याच युतीच्या मांडवात जाऊन बसले. भीमशक्ती-शिवशक्ती म्हणे! तेव्हा वस्तीला कुणी विचारलं? घाऊक व्यापार करणारे पुढारी सुटले आणि पंधराशे घेणारी बाई मात्र विकली गेलेली? हा कुठला न्याय?

आता आकडे बघा. घाटकोपर पूर्वेत १९९० पासून भाजपशिवाय आमदार झालेला नाही. महामार्गाच्या कडेला आमची वस्ती निळी, पण मतदारसंघात मिठाच्या खड्यासारखी विरघळून जाते. २०२४ च्या लोकसभेला मुलुंड आणि घाटकोपर पूर्वेनं भाजपला आघाडी दिली. मानखुर्द-शिवाजीनगरच्या झोपडपट्ट्यांनी ती धुऊन काढली आणि ईशान्य मुंबईत संजय दिना पाटील निवडून आले. संविधान बदलतील ही भीती त्या वेळी घराघरांत होती. राज्यात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला गेल्या. सहा महिने गेले नाहीत तोच विधानसभेत २८८ पैकी २३० महायुतीला! वंचित बहुजन आघाडीला २०१९ आणि २०२४ च्या चारही निवडणुकांत एकही जागा नाही. मनात निळा झेंडा आणि बोट दुसऱ्याच बटणावर, हे असं घडतं. पडणाऱ्याला मत देऊन पाण्याचा नळ येत नाही, हे बाई जाणते.

हे दुखणं जुनं आहे. १९३२ च्या पुणे करारानं स्वतंत्र मतदारसंघ गेला, आपलं मत दुसऱ्यांच्या मतांत मिसळलं. १९५२ ला उत्तर मुंबईत खुद्द बाबासाहेब काजरोळकरांकडून साडेचौदा हजारांनी पडले. आणि १९९८ ला रिपब्लिकन एक झाले, काँग्रेसशी बरोबरीनं बोलले, तेव्हा चार खासदार आले, चारही सर्वसाधारण जागांवरून. पुढं पुन्हा गट, गटाचे गट. च्यायला, निळा रंग एक आणि बोर्ड छप्पन्न!

आता गोदीतली गोष्ट सांगतो. जहाजातून माल उतरतो तेव्हा मोजणारे दोन असतात. जहाजाचा टॅलीवाला वेगळा, गोदीचा वेगळा. संध्याकाळी दोन्ही वह्या जुळवतात. एकच वही असेल तर माल कुणाचा आणि चोर कोण, हे वहीवाला ठरवतो. निवडणुकीत आपली गत तीच. मशीन आल्यापासून प्रत्येक बूथचे आकडे सुटे कळतात. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा पेट्या एकमेकांत मिसळून मोजायची सोय होती. मशीनची मतंही एकत्र मोजावीत असं आयोगानं २००८ साली सुचवलं, सरकारनं ते मानलं नाही. मग उमेदवाराचा माणूस गल्लीत येऊन सांगतो, "तुमच्या बूथवर आम्हाला किती पडली ते ठाऊक आहे, गटार तुंबलं तर आमच्याकडं येऊ नका." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

त्याच्याकडं वही आहे. आपल्याकडं फक्त घोषणा.

म्हणून पोरांनो, आयाबायांना शिव्या घालणं बंद करा. बूथवार मतांचा नमुना २० निघतो, तो उघडा कागद आहे, कुणालाही बघता येतो. तो आणा. आपल्या गल्लीचा बूथ शोधा. मागच्या पाच निवडणुका एका वहीत मांडा. शेजारी लिहा : नळ कधी आला, कोण अपात्र ठरलं, गोळीबारावर कोण बोललं, कोण मूग गिळून बसलं. मग ती वही बुद्धविहारात बायकांसमोर मोठ्यानं वाचा. आणि पुढल्या वेळी कुठलाही पुढारी, निळा असो की भगवा, गठ्ठ्याची बोली लावायला आला की पहिल्यांदा वही पुढं करा.

पहिली वही मी सुरू केलीय. आईला वाचून दाखवली. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "सत्त्याण्णवची दहा नावं सगळ्यात वर लिही. मग बाकीचा हिशेब."

लिहिली.

जय भीम.