किडीचे पंचांग आणि शासनाचे पंचांग

भातावर पिवळा खोडकिडा दिसू लागला की कृषी विभागाची पत्रके औषधाचे नाव आणि मात्रा सांगू लागतात. तो सल्ला अनाठायी नाही. परंतु या किडीच्या प्रादुर्भावाचा मोठा भाग त्याआधीच, कालव्याला पाणी सोडण्याची तारीख ठरविणाऱ्या कार्यालयात निश्चित झालेला असतो.

मादी पतंग पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालते. आठवड्याभरात अळ्या बाहेर पडतात, खोड पोखरून आत शिरतात आणि साधारण महिनाभर तेथेच वाढतात. फुटव्यांच्या काळात हल्ला झाला तर गाभेमर होते; निसवण्याच्या सुमारास झाला तर दाणा न भरलेल्या पांढऱ्या लोंब्या ताठ उभ्या राहतात. खोडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारणी क्वचितच पोहोचते.

या किडीचे बलस्थान खोडात आहे, तसे तिचे मर्म तिच्या आहारात आहे. भात आणि त्याचे रानटी सगेसोयरे सोडले, तर ती अन्य वनस्पतींवर फारशी वाढत नाही. उत्तर भारतात कापणीनंतर अळी धसकटाच्या बुडाशी उतरते, हिवाळा सुप्तावस्थेत काढते आणि उबारा वाढला की पतंग होऊन बाहेर पडते. पतंगाचे आयुष्य मोजक्या दिवसांचे. तेवढ्यात भाताचे हिरवे रोप मिळाले नाही, तर तिचा वंश तेथेच खुंटतो. दक्षिणेत जेथे वर्षभर कोठे ना कोठे भात उभा असतो, तेथे तिला अशी वाट पाहावी लागत नाही.

पूर्वी ही वाट निसर्गच पाहायला लावीत असे. बहुतांश भात एका पावसाळ्याचा होता. शिवाय अनेक जुनी वाणे दिवस लहान होऊ लागले की फुलत. त्यामुळे मागेपुढे लावलेली शेतेही जवळपास एकत्र निसवत. १९६६ मध्ये आयआर-८ हे वाण प्रसारित झाले आणि त्यानंतरच्या पिढीतील अनेक वाणांनी दिवसमानाचे हे बंधन झुगारले. पाणी असेल तेव्हा भात घेता येऊ लागला. देशाची भूक त्यातूनच भागली, हे ऋण नाकारता येत नाही. मात्र किडीलाही अखंड अन्नछत्र मिळाले.

हे अन्नछत्र कायद्याने बंद होऊ शकते, याचे उदाहरण पंजाबात आहे. २००९ च्या भूजल संरक्षण कायद्याने १० मेपूर्वी रोपवाटिका आणि १० जूनपूर्वी लावणी यांना मनाई केली. हेतू पाणी वाचविण्याचा होता. पण त्यामुळे उन्हाळी ‘साठी’ भाताला जागा उरली नाही आणि वसंतात बाहेर पडणाऱ्या पतंगांचा आसराही गेला. पुढे लावणीच्या तारखा मागेपुढे झाल्या, २०२५ मध्ये लावणी १ जूनपर्यंत अलीकडे आली. त्या चर्चेत भूजल होते, गव्हाची पेरणी होती, धान्यातील ओलावा होता. किडीचा विचार जवळपास नव्हताच.

कावेरीच्या खोऱ्यात प्रश्न वेगळा आहे. मेट्टूर धरणातून १२ जूनला पाणी सोडण्याचा प्रघात आहे. पाणी लांबले की कुरुवै, सांबा आणि ताळडी हे हंगाम एकमेकांत मिसळतात आणि एका शिवारात भाताच्या सर्व वयाची शेते शेजारी शेजारी उभी राहतात. भंडारा-गोंदियात उन्हाळी धानाचे क्षेत्र ठरवतानाही हाच विचार हवा.

सक्तीच्या तारखांचा भार लहान शेतकऱ्यावर आणि कुळावर पडेल, ही शंका रास्त आहे. मजूर किंवा यंत्र उशिरा मिळाले तर दंड त्याने का भरावा? म्हणून दंडापेक्षा सोयीचा मार्ग धरावा. एका वितरिकेवरील सर्वांना पाणी, बियाणे आणि लावणीची यंत्रे एकाच पंधरवड्यात मिळावीत. कापणीनंतर धसकटे नांगरण्यास साहाय्य मिळावे. दोन भातांमध्ये डाळीचे पीक घेणाऱ्यास हमीभावाने खरेदीची खात्री मिळावी. भातच विकला जाणार असेल, तर शेतकरी भातच लावणार.

आज पाणी एक खाते सोडते, वीज दुसरे देते, धान्य तिसरे खरेदी करते आणि कीड चौथ्याच्या वाट्याला येते. या तारखा ठरविणाऱ्या बैठकीत कीटकशास्त्रज्ञाला एक खुर्ची द्यावी. हा औषधाच्या अनुदानापेक्षा स्वस्त उपाय आहे.